शुगर असताना मशरूम कसं खायचं – पाकीट घेण्यापासून ताटात वाढेपर्यंत

आईला शुगर निघाली आणि कुणीतरी सांगितलं की मशरूम चांगलं असतं. त्याच दिवशी संध्याकाळी भाजी झाली, मग आईने त्या भाजीबरोबर नेहमीच्या दोन भाकऱ्या आणि वर वाटीभर भात असं पोटभर जेवण केलं, दोन तासांनी बोट टोचलं तर मीटर २०० च्या वर. "मला मशरूम सोसत नाही गं" म्हणाली बिचारी आणि पुढे दोन महिने हात लावला नाही.

दोष मशरूमचा नव्हताच. साध्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये १०० ग्रॅमला कार्ब (म्हणजे कर्बोदकं, ज्याने शुगर वाढते) साधारण ३ ग्रॅम, प्रोटीनही तेवढंच, कॅलरी २२ च्या आसपास, बाकी ९० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी. म्हणजे २०० ग्रॅमचं अख्खं पाकीट एकट्याने संपवलं तरी ६-७ ग्रॅम कार्ब पोटात जातं, आणि ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. मशरूम खाऊन शुगर उतरते असं समजू नका, ते ताटात कशाच्या तरी जागी यायला हवं, बटाट्याच्या, भाताच्या, दुसऱ्या भाकरीच्या. जास्तीचं म्हणून वाढलं तर काही उपयोग नाही.

आता सुरुवातीपासून.

घेताना पाकिटाला खालून बघा. तळाशी पाणी साचलंय, मशरूम चिकट दिसतायत, तर ठेवून द्या. चांगलं मशरूम दाबलं की टणक लागतं आणि टोपीच्या खालची कडा देठाला घट्ट मिटलेली असते. घरी आणल्यावर प्लास्टिक काढून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून ते लवकर खराब होतं, आणि तसंही दोन-तीन दिवसांत संपवा. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) मिळाली तर तीही चालते, चव वेगळी, कार्ब थोडं जास्त पण तरी कमीच.

धुताना पाण्यात भिजत ठेवू नका. नळाखाली पटकन चोळून धुवायचं, लगेच फडक्याने पुसायचं, साल काढायची गरज नाही. एक सांगते, वेळ असेल तर कापलेले काप दुपारी बारा-एकच्या उन्हात अर्धा तास ताटात पसरून ठेवा, ऊन लागलं की त्यात व्हिटॅमिन डी तयार होतं, पण उघड्यावर ठेवायचं, खिडकीच्या काचेमागे ठेवून ते होत नाही.

खरी गोष्ट शिजवण्यात आहे, कारण इथेच लोक बिघडवतात. भाजी पाणचट झाली की मग काजूची पेस्ट, क्रीम, कॉर्नफ्लोअर घालून घट्ट करतात आणि मग त्या भाजीत मशरूमपेक्षा इतर गोष्टीच जास्त. तर रुंद कढई चांगली तापवायची, एक चमचा तेल, सगळे काप एकदम घालायचे, गॅस मोठा आणि मीठ अजिबात नाही. मिनिटभरात ते चुरचुरायला लागतं, मग पाणी सुटतं, इतकं सुटतं की वाटतं आता रस्साच होणार, घाबरू नका, ढवळत राहा, सहा-सात मिनिटांत ते सगळं आटतं आणि कडा तांबूस व्हायला लागतात. तेव्हा बाजूला काढा. कच्चं मशरूम सॅलडमध्ये घालू नका, नीट शिजलेलंच पोटाला बरं.

त्याच कढईत अजून एक चमचा तेल, बारीक कांदा, आलं-लसूण, तो लालसर झाला की दोन चमचे भाजलेलं सुकं खोबरं कुटून, गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला, एक टोमॅटो. टोमॅटो विरघळला की मशरूम परत घाला आणि शेवटी मीठ. कांदा-लसूण मसाल्यात आधीच मीठ असतं म्हणून चाखूनच घाला, शुगरबरोबर बीपी असलेले घरात कमी नसतात. गोडा मसाला वापरला तरी गूळ मात्र नको.

ताट असं वाढा: निम्मं ताट ही भाजी आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि भाकरी एक. मशरूममध्ये प्रोटीन आहे म्हणून डाळ बंद करू नका, तेवढ्याने भागत नाही. हॉटेलात मशरूम मंच्युरियन, क्रीमचं सूप, बटर नान असं मागवलं तर हा सगळा हिशोब विसरा, आणि पाकिटातल्या सूपच्या मागचा मजकूर एकदा वाचाच, त्यात स्टार्च, साखर आणि मीठ किती ते दिसेल.

पहिल्या घासापासून दोन तास मोजून मीटर लावा आणि वहीत काय खाल्लं ते लिहा. आईने हे केल्यावरच तिचा मशरूमवरचा राग गेला. पण एक गोष्ट नीट ऐका, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर भाकरी-भात एकदम अर्ध्यावर आणू नका, आधी डॉक्टरांशी बोला. हात थरथरले, घाम फुटला, शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच साखरेचं पाणी घ्यायचं, तेव्हा पथ्य बघत बसायचं नाही.

किडनीचा त्रास असेल तर मशरूममधल्या पोटॅशियममुळे, आणि युरिक अॅसिड वाढलेलं असेल तरी, किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि पावसाळ्यातली रानातली अळंबी. कोकणात रोवण अळंबी, विदर्भात सात्या, चव अशी की बाजारातलं मशरूम त्यापुढे काहीच नाही, मलाही जीव की प्राण. पण वर्षानुवर्षं ती ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या, स्वतः वेचायला जाऊ नका, मोबाईलवरच्या फोटोवरून तर अजिबात नाही. विषारी अळंबी शिजवली, उकळली, हळद घातली तरी विष जात नाही, म्हणून जरा जरी शंका आली तर सगळी टाकून द्या आणि त्या दिवशी बटण मशरूमचंच पाकीट आणा.