टीकिंटरमध्ये लांबलचक अर्ज सरकता ठेवताना
निपाणी-खानापूरकडच्या एखाद्या पतसंस्थेसाठी टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथन भाषेतील खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनात, केलेला मराठी-कन्नड सभासद अर्ज लहान पडद्यावर मावत नसेल, तर फ्रेमलाच (अर्जातील रकाने ज्यात ठेवतात त्या चौकटीला) स्क्रोलबार जोडू पाहू नये, कारण टीकिंटरच्या फ्रेमला ती सोयच नसते. कॅनव्हास (स्क्रोल होऊ शकणारा चित्रफलक) घेऊन त्याच्या ‘क्रिएट विंडो’ (create_window) या मेथडने फ्रेम त्याच्या आत बसवावी आणि स्क्रोलबार कॅनव्हासला जोडावा. खरी मेख ‘स्क्रोलरीजन’मध्ये (scrollregion, म्हणजे कॅनव्हास किती भागात सरकू शकतो त्याचे माप) आहे: दोन्ही लिप्यांतील ओळींची उंची सारखी राहीलच असे नाही, म्हणून तेथे ठरावीक आकडा न लिहिता आतील फ्रेमच्या ‘कॉन्फिगर’ इव्हेंटवर (फ्रेमचा आकार बदलला की मिळणाऱ्या सूचनेवर) कॅनव्हासच्या ‘बीबॉक्स’ने (bbox) मिळणारे आतील मजकुराचे माप प्रत्येक वेळी नव्याने द्यावे. हजारो सभासदांची नुसती यादी दाखवायची असेल, तर मात्र ‘ट्रीव्ह्यू’ (Treeview) हा तक्ता दाखवणारा घटकच वापरावा, त्याला स्क्रोलबार थेट जोडता येतो.