मॉर्फिनची गोळी मिळवायची कशी: तासगावच्या आमच्या घरातला अनुभव

आमच्या आण्णांना तोंडाचा कॅन्सर. "दहापैकी किती दुखतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं की ते गप्प. एकदा मीच विचारलं, "रुपयात किती आणे?" लगेच म्हणाले, "चौदा." तेव्हापासून द्राक्षाच्या फवारणीच्या वहीत मागच्या पानांवर तारीख, वेळ, गोळी आणि आणे लिहायला लागलो. तुम्हीही आधी हेच करा. "लई दुखतंय" एवढ्यावर डोस ठरत नाही, वहीवर ठरतो.

मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं, जबर दुखण्यावरचं औषध. त्यासाठी मेडिकल दुकानं पालथी घालू नका. मी सात फिरलो. एकानं तर मी गर्दुल्ला असल्यासारखं वरून खाली बघितलं. साध्या दुकानात ही गोळी नसतेच म्हणा. 1985च्या अमली पदार्थ कायद्यानंतर इतके परवाने लागायचे, की बऱ्याच दवाखान्यांनी ती ठेवायचंच सोडलं. 2014 साली कायदा सुधारला, आता दवाखान्याला राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता पुरते. तरी सगळे ती घेत नाहीत. आणि अफू पिकते आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्यावर!

म्हणून सांगली-मिरजेतल्या कॅन्सरच्या दवाखान्यांना आधी फोन लावा आणि नेमकं विचारा, "तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी आहे का? पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं-त्रास हलका करणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात?" नुसतं "दुखण्याचं औषध" म्हणालात तर "आहे, या" म्हणतील आणि हातात ट्रामाडॉल, म्हणजे मॉर्फिनपेक्षा सौम्य गोळी ठेवतील. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, पेशंटचं आणि तुमचं आधार कार्ड न्या.

"मॉर्फिन अगदी शेवटी देतात" असं म्हणत एका डॉक्टरांनी आमचे दोन महिने घालवले. तसं काही नसतं. दुखणं जेव्हा वाढतं तेव्हा देतात.

गोळी सुरू झाली की घड्याळ धरा. साध्या गोळीचा असर चारेक तास. आमच्याकडे सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला डॉक्टरांनीच दुप्पट लिहून दिलेली, म्हणजे मधे उठवायला नको. दुखायची वाट बघत बसू नका. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी मागून घ्या. आम्ही विसरलो. पाचव्या दिवशी आण्णा म्हणाले, "दुखणं परवडलं." हाका मारून जाग येत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना गाठा. मनानं डोस वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही.

गोळ्या कुलपात ठेवा, मोजून. चार दिवसांच्या उरल्या की निघा. मधे रविवार, सण येतोच.

आण्णा गेले तेव्हा एकवीस उरल्या होत्या. तेरावं झाल्यावर मिरजेला जाऊन परत दिल्या, त्यांनी मोजून घेतल्या आणि रजिस्टरात माझी सही घेतली.