छोट्या कॅफेत लाइव्ह बँड बसवताना

साठ-सत्तर माणसांच्या जागेत आवाज बिघडतो तो बहुधा सामान मांडतानाच. नंतर मिक्सरवर कितीही खटपट केली तरी तो पूर्ण सावरत नाही.

मुख्य स्पीकर गायकाच्या माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. मागे ठेवले की त्यांचाच आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. स्टँड इतका उंच करा की हॉर्न (स्पीकरचा वरचे सूर काढणारा भाग) बसलेल्यांच्या डोक्यांवरून जाईल. नाहीतर पुढच्या टेबलांचे कान किटतात आणि मागे शब्द पोचत नाहीत. कोपरा टाळा, तिथे भिंती बास फुगवतात.

मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर. त्याची जागा माइकवर ठरते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकला बरोबर पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या पाठीशी. त्याहून अरुंद कोनात ऐकणारा सुपरकार्डिऑइड मात्र पाठीमागूनही थोडं ऐकतो. त्याला मॉनिटर बाजूला सरकवून, माइकच्या तोंडापासून साधारण 125 अंशांवर द्या. माइकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकापुढे ही सगळी मांडणी वाया जाते: मागची छिद्रं बुजतात आणि माइक चहूकडून ऐकू लागतो.

आता गेन, म्हणजे माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरताना किती वाढवायचा ते. ‘हॅलो, चेक’वर तो लावू नका, सर्वांत जोरकस कडवं गायला लावा. डिजिटल मिक्सरवर सरासरी पातळी −18 डेसिबलच्या आसपास, उसळी −6 च्या आत. गायकाच्या चॅनलवर 100 हर्ट्झखालचे खोल सूर कापा. तोंडापासून माइक 5 सेंटिमीटरवरून 10 वर गेला तर पातळी सुमारे 6 डेसिबलने पडते. फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) ढकलण्याआधी गायकालाच जवळ बोलवा.

गायक दबत असेल तर त्याला वाढवण्यापेक्षा बाकीच्यांना कमी करा. लहान खोलीत ड्रमला माइक लागतच नाही. काड्यांऐवजी ब्रश द्या, गिटार अँप वादकाच्या कानाकडे तिरका करा, म्हणजे तो आपणहून आवाज उतरवतो. (उतरवायला सांगून कुणी उतरवत नाही.)

घरघर येते? मिक्सर, स्पीकर आणि वाद्यांचे अँप एकाच सर्किटवर घ्या, फ्रिज आणि दिव्यांचे डिमर दुसऱ्यावर. गिटारचा डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडणारी डबी) असेल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या तारेची जमिनीची जोडणी तोडणारं बटण, दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्याने माइकला ओठ लागताच शॉक बसू शकतो.

रिकाम्या खोलीत आवाज कर्कश वाटेल. लगेच ट्रेबल उतरवू नका, माणसं भरली की ती वरचे सूर शोषतात. पहिल्या गाण्याला खोलीत फिरून मगच हात लावा. वेटरांचा विचारही करा: 85 डेसिबल आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100 वर जेमतेम 15 मिनिटं. त्यांना इअरप्लग द्या.

शेजाऱ्यांची तक्रार बहुधा बासची असते, तो भिंती आणि फरशीतून जातो. लाकडी मंचावर सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) ठेवू नका; रात्री उशिरा बंदच करा.

स्पीकर सर्वांत शेवटी चालू करायचे, सर्वांत आधी बंद. क्रम उलटला की ‘धप्प’ होतं, कधी स्पीकरच्या आतली कॉइलच जाते.