गावाच्या कामाला चर्चच्या संस्थेची मदत कशी मिळवायची: ग्रामसभेच्या ठरावापासून पहिल्या चरापर्यंत

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. चर्चच्या संस्थेमार्फत गावात जे येतं, ते काम असतं. रोख रक्कम गावाच्या हातात येत नाही. बहुतेक अर्ज याच गैरसमजापायी फुकट जातात. सरपंच किंवा बचत गटाच्या ताई ‘आम्हाला 10 लाख निधी द्यावा’ असं लेटरहेडवर लिहून बिशप हाऊसमध्ये देऊन येतात. तिथून सौजन्याचं उत्तर येतं आणि विषय संपतो. तेच गाव ‘आमच्या गट नंबर अमुकमध्ये 25 हेक्टर पडीक डोंगर आहे, ग्रामसभेने चराईबंदी केली आहे, इतके दिवस श्रमदान देतो, चर खोदायला साथ द्या’ असं लिहून गेलं, तर संस्थेचा माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत शिवार बघायला येण्याची शक्यता खूप वाढते.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण पाणलोटाचं आहे. हर्मन बाखर या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या स्विस फादरांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, दुष्काळी गावांसोबत हे काम उभं केलं. पुढे जर्मन सरकारच्या मदतीचा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला आणि 1993 मध्ये ‘वॉटर’ (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था सुरू झाली. त्या कार्यक्रमात पैसा नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेमार्फत येई. गावाची स्वतःची पाणलोट समिती असे आणि तिच्या हातात हिशेब असे. ही रीत इतकी पटली की 1999-2000 मध्ये नाबार्डकडे 200 कोटींचा वेगळा पाणलोट विकास निधी झाला. आजही चर्चच्या संस्थांकडे जाताना गावाने याच रीतीने तयारी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेव्हाची एक सोय, पैसा समितीच्या हाती येण्याची, मात्र आता धरून चालू नका, कारण खाली सांगतो.

कोणाकडे जायचं

फादरांकडे किंवा पाळकांकडे जायला हरकत नाही, पण निर्णय त्यांच्या हातात नसतो. कॅथलिक बाजूला प्रत्येक धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपच्या हद्दीची, स्वतंत्र समाजसेवा संस्था असते, तिचा संचालक असतो आणि अर्ज त्याच्याच नावे करायचा. महाराष्ट्रात नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती, नागपूर, चांदा, वसई, सिंधुदुर्ग असे धर्मप्रांत आहेत, त्यामुळे आपला जिल्हा कोणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारा. प्रोटेस्टंट बाजूला सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे धर्मप्रांत आहेत. 1947 पासून काम करणारी ‘कासा’ आणि कॅथलिक बाजूची 1962 ची कारितास इंडिया या देशपातळीवरच्या संस्था आहेत. दुष्काळ, पूर, भूकंपात तातडीची मदत घेऊन हीच मंडळी पुढे येतात. तिथे लांबलचक प्रस्ताव लागत नाही. घरटी यादी लागते, ती तलाठी किंवा ग्रामसेवकाच्या सहीने असावी, आणि विधवा, एकट्या बाया, अपंग, भूमिहीन यांची नावं यादीत आधी असावीत.

संस्था खरी आहे का, हे तपासायला अर्धा तास पुरतो. एनजीओ दर्पण या सरकारी संकेतस्थळावर तिची नोंद पाहा आणि गृह मंत्रालयाच्या एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडून परवाना चालू आहे का ते बघा. परवाना रद्द किंवा मुदतबाह्य असेल, तर ती संस्था परदेशी पैशातून तुमच्या गावात एक रुपयाही खर्च करू शकत नाही, मग माणसं कितीही चांगली असोत. आणखी एक ताकीद: ‘जर्मनीतल्या चर्चकडून एक कोटी मंजूर आहेत, फक्त 25 हजार नोंदणी फी भरा’ म्हणणारा कोणी आला, तर तो फसवतोय. कोणतीही खरी संस्था गावाकडून फी घेत नाही.

पैसा गटाच्या खात्यात का येत नाही

2020 मध्ये विदेशी अंशदान कायदा बदलला. त्याआधी मोठी संस्था परदेशी देणगी छोट्या संस्थेला पुढे देऊ शकत होती, ती वाट आता बंद आहे. ज्या संस्थेला पैसा मिळाला, तिनेच तो खर्च करायचा. म्हणून पाणलोट समिती किंवा बचत गटाच्या खात्यात रक्कम वर्ग होणार नाही. संस्था स्वतः मजुरी देईल, सिमेंट घेईल, प्रशिक्षण देईल. समितीच्या खात्यावर आग्रह धरून बसलात तर संस्थेची अडचण होते आणि काम अडतं. परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते, त्यामुळे पहिला हप्ता पोचायला वेळ लागतो, हेही गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरा बदल प्रशासकीय खर्चाचा. आता परदेशी देणगीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कार्यालय, भाडं, हिशेबनीस अशा गोष्टींवर लावता येत नाही, पूर्वी ही मर्यादा 50 टक्के होती. 40 लाखांच्या कामात ती 8 लाख झाली. म्हणून अंदाजपत्रकात ‘गाव कार्यालय, खुर्च्या, संगणक’ अशा ओळी घालू नका. दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार मात्र या मर्यादेत धरत नाहीत.

गावातल्या मंडळाने स्वतःच परदेशी देणगी घ्यायची म्हटली, तर तीन वर्षं जुनी संस्था हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख खर्च झालेले हवेत. नव्या मंडळासाठी हे जवळपास अशक्य आहे, त्यामागे धावू नका. देशातल्या देणगीला हे नियम लागत नाहीत. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, गोळा होणारा पैसा, एखाद्या भारतीय कंपनीचा सीएसआर (समाजकार्याचा निधी), मुंबईकर गावकऱ्यांची वर्गणी, हे सगळं भारतीय पैशात मोडतं. लहान कामांसाठी हाच मार्ग बरा: विहिरीचं कठडं, शाळेची टाकी, शिवणयंत्रं. देणगीदाराला प्राप्तिकरात 80जी ची सूट हवी असेल, तर 2,000 रुपयांवर रोख घेऊ नका, चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

कागद कोणते, आणि आकडा कसा काढायचा

ग्रामसभेचा ठराव हा पाया आहे. त्यात कामाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी कधीपासून, श्रमदान किती आणि देखभाल कोण करणार, हे सगळं लिहा. ‘ही मदत कोणत्याही जातीधर्माच्या अटीशिवाय सर्व पात्र कुटुंबांसाठी आहे’ हे वाक्य ठरावात हवंच. चर्चच्या संस्था हे स्वतःहून पाळतात, पण कागदावर असलं की उद्या गावात कुजबुज झाली तर उत्तर तयार असतं. त्याच कारणासाठी बैठका चर्चमध्ये न घेता शाळेत किंवा पंचायतीत घ्या.

जमीन कोणाची आहे ते आधी बघा. खासगी असेल तर सातबारा आणि खातेदाराची लेखी संमती, गायरान असेल तर पंचायतीचा ठराव, वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी. वनजमिनीवर परवानगीशिवाय एक टिकाव मारला तरी सगळा प्रकल्प गोत्यात येतो. त्याच गटावर रोजगार हमीचं किंवा कृषी खात्याचं काम आधीच दाखवलेलं आहे का, हेही तालुक्याला विचारून घ्या. एकच चर दोन ठिकाणी मोजला गेला की लेखापरीक्षणात सापडतो.

आता आकडा. सलग समतल चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल धरतात. एक मीटर लांबीला 0.18 घनमीटर माती निघते. ओळींत 10 मीटर अंतर ठेवलं, तर हेक्टरी 1,000 मीटर चर होतो, म्हणजे 180 घनमीटर खोदाई. तो चर एकदा भरला की 1 लाख 80 हजार लिटर पाणी अडतं. दर 150 रुपये घनमीटर धरला, तर हेक्टरी 27,000 आणि 25 हेक्टरला 6,75,000 रुपये. इंडो-जर्मन कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या 16 टक्के श्रमदानाची अट असे. तोच मापदंड घेतला तर 1,08,000 रुपये होतात. 300 रुपये रोजाने हे 360 दिवस झाले. गावात 60 घरं असतील तर घरटी 6 दिवस. ‘गाव 16 टक्के देईल’ असं ठरावात लिहिलं तर कोणी लक्ष देत नाही, ‘प्रत्येक घर 6 दिवस देईल’ असं लिहिलं की सभेत खरी चर्चा होते. ज्या घरात काम करणारं माणूसच नाही, त्यांना सूट द्या आणि तीही त्याच सभेत ठरवा. दर आणि रोज हे फक्त उदाहरण आहे, अर्ज करताना तालुक्याचा चालू दर लावा.

वेळेचा अंदाज लांबचाच ठेवा. जर्मनीतल्या मिझेरिओरसारख्या देणगीदाराकडे प्रस्ताव गेला, की प्रश्नोत्तरं, दुरुस्त्या आणि मंजुरी यात वर्षभर सहज जातं. त्या काळात बसून राहू नका. श्रमदानातून एक हेक्टर आधीच खोदून दाखवा. संस्थेचा माणूस शिवारात आला की त्याला दाखवायला याहून चांगलं काही नसतं.

चर खोदताना काय बिघडतं

सगळ्यात मोठी चूक पातळीची. डोळ्याच्या अंदाजाने खोदलेला चर एका टोकाला उतरता होतो, पहिल्याच वळवाच्या पावसात सगळं पाणी त्या टोकाला जमतं आणि तिथून बांध फुटतो. मग खालच्या ओळीही एकामागून एक फुटतात. यावर ए-फ्रेम हा स्वस्त उपाय आहे. दोन मीटरचे दोन बांबू वर बांधा, मध्ये आडवा बांबू, आणि वरून दगड लटकवलेली दोरी. फ्रेमच्या दोन्ही पायांच्या जागी जमिनीवर खुणा करून ती उभी करा, दोरी आडव्या बांबूला जिथे लागते तिथे खूण करा. आता पाय बदला: डावा पाय उजव्याच्या खुणेवर, उजवा डाव्याच्या. दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की पाय एका पातळीत आहेत. अशी पाऊल-पाऊल फ्रेम सरकवत फक्कीने रेघ आखा. जोराचा वारा असेल त्या दिवशी आखणी करू नका, दोरी हलते.

माती नेहमी उताराच्या बाजूला टाका. दर 10 ते 15 मीटरवर चरात थोडा कमी उंचीचा न खोदलेला भाग सोडा, म्हणजे एका ठिकाणी फुटलं तरी सगळा चर रिकामा होत नाही. बांधावर पावसाच्या तोंडावर स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी टाका. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्या. पायथ्याचा सिमेंट बंधारा आधी हवा, असा आग्रह ओढ्याकाठचे शेतकरी धरतात आणि ते साहजिक आहे, पण वरचा डोंगर उघडा असताना बांधलेला बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

चराईबंदीचा भार नेहमी शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन घरांवर पडतो. ठराव करण्याआधी त्यांच्याशी वेगळं बसा. बंदी क्षेत्रातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांना द्या, चर खोदाईची मजुरीही आधी त्यांनाच द्या. हे झालं नाही तर रात्री शेळ्या डोंगरावर जातात आणि दोष त्यांना देता येत नाही.

कामाच्या जागी पत्र्याचा फलक लावा: काम, क्षेत्र, रक्कम, देणगीदार. हजेरीपट रोज भरा आणि आठवड्याने चौकात मोठ्याने वाचा. चराची मोजणी समितीतल्या दोघांनी टेपने करायची, त्यातली एक बाई असावी, आणि मोजमाप वहीत त्याच दिवशी सही करायची. संस्थेला मागच्या आर्थिक वर्षाचं परदेशी देणगीचं विवरणपत्र एफसी-4 या नमुन्यात 31 डिसेंबरच्या आत भरावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी तुमची सहीची पानं त्यांना एप्रिलमध्येच हवी असतात.