पुण्याहून स्कॉटलंड: आठ दिवसांचा मोटारप्रवास कसा आखावा

स्कॉटलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरणे पुणेकराला फारसे जड जात नाही, कारण तेथेही वाहने डावीकडूनच चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असते. फसगत होते ती अंतराच्या अंदाजात. नकाशावर शंभर किलोमीटर दिसले की द्रुतगती मार्गाच्या हिशेबाने सव्वा तास धरण्याची आपली सवय आहे. डोंगराळ भागात त्याच अंतराला दोन तास सहज लागतात आणि वाटेत थांबावेसे वाटले तर तीन. म्हणून सगळी आखणी किलोमीटरवर न करता तासांवर करावी आणि दिवसाला चार तासांपेक्षा अधिक गाडी चालवू नये.

प्रथम महिना ठरवावा. माझी पसंती मे महिन्याला आहे. दिवस मोठा असतो, डोंगरावर हिरवळ येऊ लागलेली असते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी चिलटांसारख्या चावऱ्या किड्यांचे थवेच्या थवे उठतात, त्यांचा त्रास अजून वाढलेला नसतो. ऑगस्टमध्ये एडिनबरा कलामहोत्सवांच्या गर्दीने भरून जाते आणि खोल्यांचे भाडे ऐकून घरी बसावेसे वाटते.

त्यानंतर कागदपत्रे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. शेवटचा महिना उजाडेपर्यंत थांबू नये. भारतीय परवान्यावर पाहुण्याला तेथे बारा महिने साधी मोटार चालवता येते. तरीही भाड्याने गाडी देणारे काही वेळा आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो आरटीओकडून मिळतो, त्याचे शुल्क 1000 रुपये असून मुदत एक वर्षाची असते. मूळ परवाना मात्र सोबत हवाच.

गाडीचे आरक्षण करताना तीन गोष्टी पाहाव्यात. घरी ऑटोमॅटिक वापरत असाल तर तसे स्पष्ट नोंदवावे, कारण तेथे मॅन्युअल गाड्या अजूनही सर्रास दिल्या जातात. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचे असावे. गाडी लहान घ्यावी. चौघांच्या चार मोठ्या बॅगा भरायच्या म्हणून अवजड एसयूव्ही घेणारा माणूस अरुंद रस्त्यावर पहिल्याच दिवशी पस्तावतो. बारा वर्षांखालील आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वयानुरूप आसन लागते, तेही याच वेळी सांगून ठेवावे.

पहिले दोन दिवस एडिनबरात गाडीविना काढावेत. विमानतळावरून थेट ट्राम शहरात येते, किल्ला आणि जुने शहर पायीच पाहण्यासारखे आहे, आणि गाडी असली तर अर्धा जीव पार्किंगमध्ये अडकतो. रात्रभर विमानात जागून लगेच स्टिअरिंग हाती घेणे तसेही धोक्याचे. तिसऱ्या दिवशी विमानतळावरच गाडी ताब्यात घ्यावी, चारही बाजूंचे, चाकांचे आणि काचेचे चित्रीकरण करून ठेवावे आणि स्टर्लिंगमार्गे ग्लेनकोच्या खोऱ्यातून फोर्ट विल्यमला मुक्कामी जावे. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर, 1345 मीटरचे बेन नेव्हिस, याच गावाशेजारी आहे. चौथ्या दिवशी एकवीस कमानींचा ग्लेनफिनन रेल्वेपूल पाहत मॅलेगपर्यंत जावे आणि तेथून गाडीसह बोटीने स्काय बेट गाठावे. बोटीतील गाडीची जागा आधीच आरक्षित करावी. पाचवा दिवस पूर्ण बेटासाठी राखावा. सहाव्या दिवशी पुलावरून मुख्य भूमीवर येऊन आयलीन डोनन किल्ला आणि लॉक नेस सरोवर पाहत इन्व्हरनेसला मुक्काम करावा. सातव्या दिवशी ए-9 महामार्गाने एडिनबराला परतावे आणि आठव्या दिवशी परतीचे विमान पकडावे.

नियम आपल्याला ओळखीचे वाटतात, म्हणूनच त्यांत चुका होतात. वेगाचे आकडे मैलांत असतात: दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर मोटारीला कमाल 60 मैल, म्हणजे सुमारे 96 किलोमीटर. पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरपी रेघ असेल तर हीच सर्वसाधारण मर्यादा लागू होते. चौकातील वर्तुळाकार रस्त्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, आणि लाल दिवा असताना डावीकडेही वळू नये. ए-9 वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. तेथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबण्याची युक्ती चालत नाही.

खरी परीक्षा एकेरी रुंदीच्या रस्त्यांवर असते. तेथे एकाच गाडीपुरता डांबरी पट्टा असतो आणि ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी फुगवटा ठेवलेला असतो. तो डावीकडे असेल तर आत शिरावे. उजवीकडे असेल तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबावे, म्हणजे समोरचा त्यात शिरून पुढे जातो. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, हा आपल्या घाटातला रिवाज तेथेही पाळतात. मागून घाईचा स्थानिक माणूस आला तर त्यालाही पुढे जाऊ द्यावे. स्कायवर एका फुगवट्यात गाडी लावून मी मेंढ्यांचे छायाचित्र काढत होतो. इतक्यात समोरून टपालाची लाल व्हॅन आली, मागून एक कॅम्पर आली, आणि व्हॅनला शिरायला जागाच उरली नाही. व्हॅनचा चालक हॉर्न न वाजवता वळणापर्यंत मागे गेला आणि आम्ही निघताना त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटे उचलली. ओशाळून मीही उचलली. ते फुगवटे पार्किंगसाठी नसतात, हे भाड्याच्या गाडीतील प्रत्येक चालकाला आधीच सांगून ठेवावे.

इंधन स्वतःच भरावे लागते. काच खाली करून "दोन हजारांचं टाका" म्हणायला समोर कोणी नसते. पेट्रोलची नळी बहुधा हिरवी आणि डिझेलची काळी असते, तरी टाकीच्या झाकणावरील अक्षरे वाचल्याशिवाय नळी उचलू नये. डोंगराळ भागात पंप विरळ असतात, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला की भरून घ्यावे. गाडी परत करताना टाकी भरलेली हवी असेल, तर विमानतळापासून काही मैल अलीकडे भरून पावती जपून ठेवावी, आणि ताब्यात घेताना केले तसेच चित्रीकरण किल्ली देण्यापूर्वी पुन्हा करावे.