पौषातली साडेतीन दिवसांची रजा

आमचं महाद्वार रोडला साड्यांचं दुकान आहे. एवढं सांगितलं की आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कुठे का जात नाही, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तुळशीचं लग्न लागलं की बस्ते सुरू होतात, आणि मे महिना तर सगळा लगीनसराईचाच. उरतो पौष. पौषात लग्नं नाहीत, बस्ते नाहीत, मालक मोकळा. मुलांची शाळा मात्र तेव्हाच भरात असते. त्यामुळे फिरायला जायचं तर शाळा बुडवूनच, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. कशी बुडवायची, हे शिकायला आम्हाला एक फजिती लागली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तारकर्लीला गेलो आणि चिठ्ठीत लिहिलं, ‘ताप आल्यामुळे’. लेक तेव्हा तिसरीत होती. तिला गाडीत बसवून पढवलं, बाईंनी विचारलं तर ताप होता म्हणायचं. इकडे तिच्या पप्पांनी समुद्रावरचा फोटो स्टेटसला ठेवला. बाई आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लेकीला विचारलं, ‘‘ताप उतरला का गं?’’ ती ‘हो’ म्हणाली आणि पुढचे दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरी बसली. ते पोट खरंच दुखत होतं. म्हणून तयारीच्या यादीतलं पहिलं काम बॅगेचं नाही. आपण खरं काय ते सांगणार आहोत हे नवरा-बायकोने ठरवायचं, आणि ते ठरत नसेल तर तिकीट काढायचं नाही.

मग मुलांना विचारायचं. आपल्याला वाटतं फिरायला म्हटलं की मुलं उड्याच मारतील. यंदा हंपीचं नाव काढल्यावर आमची सहावीतली लेक सरळ म्हणाली, ‘‘मी न्हाई येणार, मी आजीकडं राहतो. तुम्ही जावा.’’ (कोल्हापूरच्या पोरी ‘मी जातो, मी राहतो’ असंच बोलतात, शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी पुढे चलावं.) खोदून विचारल्यावर कळलं, जूनपासून तिचा एकही दिवस चुकला नव्हता आणि तिला पूर्ण हजेरीचं बक्षीस हवं होतं. बक्षीस म्हणजे एक कंपासपेटी. पण ती काही कंपासपेटीसाठी बोलत नव्हती. दोन दिवस आम्ही काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली की येते, पण बक्षीस गेलं तर तुम्ही हसायचं नाही. आम्ही कबूल केलं. विचारलं नसतं तर ही अट कळलीच नसती.

तारखा ठरवताना कालनिर्णय, शाळेचं वार्षिक नियोजन आणि रेल्वे या तिघांची मोट बांधायची. डिसेंबर-जानेवारीत शाळेत काय नसतं? स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, घटक चाचणी, 26 जानेवारीच्या कवायतीचा सराव, आणि शाळेची स्वतःची सहल. सहलीचा दिवस तर आधी विचारूनच घ्या. आपण हंपी दाखवायला न्यायचं आणि त्याच दिवशी वर्ग एस.टी.ने पन्हाळ्याला जायचा, हे मूल जन्मभर काढतं. स्नेहसंमेलनाच्या नाचात मूल असेल तर तालमीचे दिवसही तेवढेच सोवळे धरा. एक पोर नसलं की आठ जणांची रांग बिघडते आणि बसवणाऱ्या बाईंचा जीव वर येतो. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर हा लेख इथेच मिटवा. पूर्वपरीक्षा असते आणि बोर्डाच्या परीक्षेला 75 टक्के हजेरी लागते. शिष्यवृत्तीला बसणाऱ्याचंही तेच. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीचं वेड आहे, खेड्यातल्या शाळासुद्धा पहाटेपासून जादा तास घेतात. त्या पोराला ऐन तयारीत बाहेर काढलं तर त्यालाच परकं झाल्यासारखं होतं.

आम्हाला मिळाले ते शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार. शनिवारी सकाळची अर्धी शाळा, म्हणून साडेतीन. बुधवारी संक्रांतीची सुट्टी, ती मुद्दाम मोकळी ठेवली. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे 220 आणि पहिली ते पाचवीला 200 कामाचे दिवस धरलेत. त्यातले साडेतीन म्हणजे दोन टक्केही नाहीत. हा हिशेब स्वतःच्या समाधानासाठी ठीक आहे. शाळेत जाऊन ऐकवू नका, मी ऐकवलाय. आणि एक लक्षात ठेवा, अधिक महिना आला की पौष पुढे सरकतो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचा पौष जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीत शिरेल. तेव्हा हे सगळं गणित नव्याने मांडावं लागणार.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून निम्मे झाले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं तर तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे दिवाळीनंतर शाळा उघडते त्याच सुमाराला. म्हणून शाळा उघडली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच वर्गशिक्षिकेला गाठायचं. आधी तिकीट काढून मग विचारायला जाणं म्हणजे विचारणं नव्हेच, ते कळवणं झालं, आणि समोरच्याला ते बरोबर समजतं. हरिप्रिया एक्सप्रेस आपल्या कोल्हापुरातूनच सुटते, तिरुपतीला जाते आणि वाटेत होस्पेट लागतं, हंपीसाठी तिथे उतरायचं. सुटायच्या ठिकाणी चढायचं म्हणजे सामान निवांत लावता येतं, दोन पोरं घेऊन चढणाऱ्याला हे सुख मोठं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. दिवसाच्या प्रवासात अर्ध्यावर भागतं. रात्र मध्ये येत असेल तर तो मोह नको, आठ वर्षांचा मुलगा झोपेत लाथा मारतो. मुलांची आधार कार्डं बरोबर असू द्या. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसतं, आणि आमची लेक उंचीने सोळाची दिसते.

आता शाळेत जाण्याचं. फोनवर नको, पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. मधल्या सुट्टीत नको, तेव्हा बाईंना डबाही खायचा असतो. शाळा सुटताना पाच मिनिटं मागून घ्यायची. आधी तोंडी विचारायचं, त्या दिवसांत काही महत्त्वाचं आहे का, आणि ‘आहे’ म्हणाल्या तर खरोखर तारीख बदलायची तयारी ठेवून जायचं. आमच्या आधीच्या तारखांत चाचणी येत होती, आम्ही आठवडा सरकवला. मग अर्ज. तो मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षकांमार्फत. इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कारण एका ओळीत: ‘कुटुंबासह हंपी येथे प्रवासास जात असल्याने’. त्याखाली एवढंच लिहा की या काळातला अभ्यास पूर्ण करून घेण्याची जबाबदारी आमची आहे. ‘वडिलांच्या व्यवसायामुळे इतर वेळी शक्य नाही’ वगैरे रडगाणं मी पहिल्या मसुद्यात घातलं होतं, नंतर खोडलं. दोन प्रती काढून एकीवर पोच घ्यायची. दोन मुलं दोन वर्गांत असतील तर दोन वेगळे अर्ज. एका कागदावर भागवलं की तो एका वर्गाच्या फायलीत राहतो आणि दुसऱ्या वर्गाच्या हजेरीत नुसती गैरहजेरी लागते.

लेकीच्या बाई अर्ज वाचून हसल्या. म्हणाल्या, पूर्वी त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि फडाशेजारच्या पालांतली पोरं गोळा करून वर्गात आणायचं काम यांच्याकडे असायचं. ती पोरं आपल्या गावची शाळा साडेतीन दिवस नाही, पाच-पाच महिने सोडून आलेली असायची. ‘‘तुम्ही निदान विचारायला आलात,’’ म्हणाल्या आणि सही केली. मी घरी येईपर्यंत गप्प होते.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं बरंय. तिकडे शाळा चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस सुट्टी घेतली की दंडाची नोटीस येते, ऑगस्ट 2024 पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड, आणि 21 दिवसांत भरला नाही तर 160. दोन मुलं, आई आणि बाप, म्हणजे चार दंड. तरी लोक जातात, कारण सुट्टीत विमानाची तिकिटं त्याहून महाग पडतात. मी तिला म्हटलं, दंडाचं कौतुक कोल्हापूरला सांगू नकोस. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळच्या रुपयाचा.

अभ्यासाबद्दल माझं मत पक्कं आहे: तो सहलीत न्यायचा नाही, आधी उरकायचा. नेलेली दप्तरं उघडली जात नाहीत, नुसती खांदे मोडतात. निघायच्या दहा दिवस आधी बाईंना विचारायचं की त्या आठवड्यात कुठला धडा होणार. गणिताचाच तेवढा खरा प्रश्न असतो, कारण एक पायरी चुकली की पुढचं सगळं डोक्यावरून जातं. लेकीचा नफा-तोटा येणार होता. तो तिच्या पप्पांनी दुकानात बसवून शिकवला, खरी साडी, खरी खरेदी किंमत. (खरेदी किंमत बाहेर सांगायची नाही, हे तिला निराळं शिकवावं लागलं.) तिसरीतल्या धाकट्याला पाढे आणि शुद्धलेखनाच्या दहा ओळी, ते त्याने दोन संध्याकाळी संपवलं. बुडलेल्या दिवसांच्या वह्यांसाठी कुणा एकाच मैत्रिणीला आधी सांगून ठेवा. तिच्या आईला रोज फोटो मागू नका. परत आल्यावर वही एका संध्याकाळपुरती घ्या, वेळेत परत द्या, बरोबर थोडा खाऊ द्या. शिकवणीच्या सरांनाही कळवा, ते विसरतं.

घरात सगळ्यांचं उत्तर एक असू दे. मूल दिसलं नाही की शाळेतून फोन येतो आणि तो सासूबाई घेतात. त्यांना शाळा बुडवणं मुळात मान्य नाही, त्यामुळे लाजेखातर त्यांनी ‘गावाला मयत झालंय’ असं सांगण्याची पूर्ण शक्यता होती. त्यांना बसवून सांगितलं, अत्या, हंपीला गेलेत म्हणा, अर्ज दिलाय. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ‘‘विठ्ठलाचं देऊळ हाय न्हवं तिथं? मग देवदर्शनाला गेलेत म्हणतो.’’ ते खोटं नव्हतं. दगडी रथ आहे तो त्याच विठ्ठल मंदिराच्या आवारात. निघण्याआधी पन्नासची नवी नोट मुलांच्या हातात द्या, तिच्या पाठीवर तोच रथ आहे. धाकट्याने ती सगळा प्रवास खिशात ठेवली आणि तिथे रथासमोर धरून काय-काय जुळतंय ते मोजत बसला.

बॅगेबद्दल फार लिहीत नाही. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चालून झिजलेले पण न चावणारे बूट. हंपीत दगडांवर दिवसभर चढउतार आहे. तापाचं आणि उलटीचं औषध आपल्या डॉक्टरांना विचारून. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि जयसिंगपुरी भडंग दोन पाकिटं. एक पाकीट बेळगावपर्यंतही टिकत नाही.

फोटो स्टेटसला टाकायचे तर परत आल्यावर. आता लपवायचं काही नाही, पण लेकीच्या वर्गातली पोरं त्याच वेळी चौथ्या तासाला बसलेली असतात आणि घरी आल्यावर आयांचे फोन त्यांच्याच हातात असतात.

राहिले रिक्षामामा. सगळ्यांना सांगून झालं आणि त्यांना कुणीच सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही दशम्या डब्यात भरत असताना ते दारात हॉर्न वाजवत उभे, आत सहा पोरं कोंबलेली, शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं. तोंडातून शब्द काढला नाही त्यांनी, पण मान अशी काही हलवली की अजून दिसते. तेव्हा त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करायचा, महिन्याच्या पैशातून दिवस कापायचे नाहीत, आणि परत आल्यावर, सुट्टीच्या दिवशी रात्री आठच्या आत पुन्हा एक फोन, उद्यापासून दोघंही आहेत म्हणून. तिळगुळाची पुडी आम्ही गुरुवारी सकाळी त्यांच्या हातात आधी दिली, बाईंची दप्तरात ठेवली.