बाथरूम न फोडता फरशीचे सांधे घरीच कसे भरायचे

बाथरूमची फरशी काळी पडली की मिस्त्री म्हणतो सगळं फोडून नवीन टाइल्स बसवू. बऱ्याच वेळा त्याची गरजच नसते. फरशी ठणठणीत असते, गेलेले असतात ते सांधे, कारण जुन्या फ्लॅटमध्ये सरसकट व्हाईट सिमेंट भरलेलं असतं आणि त्यावर आपण वर्षानुवर्षं अ‍ॅसिड ओततो. अ‍ॅसिडनं डाग जातो पण सोबत सिमेंटही खाल्लं जातं, मग तिथून पाणी खाली कोब्यात (फरशीखालच्या थरात) मुरतं आणि खालच्यांच्या छताला ओल येते. त्यामुळे आधी अ‍ॅसिड बंद करा, प्लीज.

खाली ओल असेल तर ती कुठून येतेय हे आधी बघा. नळ दिवसभर वापरला नाही तरी गळती तशीच चालू असेल तर पाइपचा प्रॉब्लेम आहे, प्लंबरच लागेल. अंघोळीनंतरच वाढत असेल तर सांधे किंवा नहाणी ट्रॅपची (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याची) कड. मग नाण्यानं प्रत्येक फरशी वाजवून बघा, पोकळ आवाज आला तिथे खडूनं खूण करा. दोन-चार पोकळ असतील तर तेवढ्याच बदलता येतात, पण अर्धी फरशी पोकळ वाजत असेल किंवा पाणी ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात साचत असेल तर ढाळच चुकलाय, तिथे सांधे भरून काही होणार नाही. मीटरला साधारण एक सेंटीमीटर उतार हवाच.

पोकळ फरशी काढताना आधी चारही बाजूंचे सांधे मोकळे करा आणि छिन्नी मधून चालवा, कडेनं नको, नाहीतर शेजारची फुटते. डोळ्यांना गॉगल हवाच. खालचा सैल माल खरवडून जागा साफ करायची. नवीन फरशी व्हिट्रिफाइड असेल तर नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर (पातळ कालवलेल्या सिमेंटवर) बसवू नका, ती पाणी जवळजवळ पितच नाही त्यामुळे सिमेंट तिला धरत नाही. टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्या, पोत्यावर आयएस 15477 आणि टाइप लिहिलेला असतो, तो बघून घ्या. दातेरी करणीनं पूर्ण पसरवायचं, चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून बसवली की मधे परत पोकळी आलीच. 24 तास त्यावर पाय देऊ नका.

आता सांधे. जुनं सिमेंट ग्राउट सॉनं (सांधे खरवडायच्या छोट्या करवतीनं) नाहीतर हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडनं निदान 2-3 मिमी खोल काढायचं. कंटाळवाणं काम आहे पण सगळं यश इथंच आहे, वरवर खरवडून भरलेलं ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा माल, काही महिन्यांत पापुद्र्यासारखं निघतं. मग ब्रशनं झाडा, व्हॅक्यूम मारा, धुवा आणि एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या.

ओल्या जागेत एपॉक्सी ग्राउटच घ्या, महाग आहे पण पाणी आणि डाग धरत नाही. पाकिटातले रेझिन आणि हार्डनर आधी एकजीव करायचे, मग फिलर (पावडर). अर्धं पाकीट वापरायचं असेल तर अंदाजानं नाही, वजन करून घ्या. आणि कालवलेलं डब्यात ठेवू नका, ढिगात ते तापतं आणि पटकन घट्ट होतं, एखाद्या पत्र्यावर पातळ पसरवून ठेवलं की जास्त वेळ टिकतं. उन्हाळ्यात तर थोडं थोडंच कालवा. रबरी पट्टीनं तिरकं दाबून भरायचं, सरळ ओढलं तर सांध्यातलं बाहेर येतं. दोन-तीन चौरस फूट झाले की लगेच कोमट पाण्याच्या स्पंजनं पुसा आणि पाणी बदलत राहा, कारण फरशीवर राहिलेला थर एकदा वाळला की काढताना जीव जातो. हातमोजे घालाच, त्वचेला खाज सुटते.

फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, कमोडभोवती आणि जिथून पाइप बाहेर येतो तिथे ग्राउट नको, बुरशीरोधक सिलिकॉन मारा. अशा सांध्याच्या दोन्ही बाजू थोड्या हलतात, कडक माल तिथे तडकतो.

निदान 24 तास पाणी लावू नका, पाकिटावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा. नंतर ट्रॅप कापड आणि प्लॅस्टिकनं बंद करून इंचभर पाणी दोन दिवस साठवून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. पुढे साफसफाईला साधं साबणाचं पाणी आणि नायलॉन ब्रश बास.